यजमानपणाचा मान : राजर्षी शाहू महाराजांचे चरित्रस्मरण

निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत राजर्षी शाहू महाराजांचे चरित्र असावे, ही आपल्याकडची रीतच आहे. शिक्षणासाठी ज्यांना घर सोडावे लागते त्या मुलांच्या डोक्यावर छप्पर असावे, हा विचार ज्या राजाने कृतीत उतरवला त्याचे स्मरण वसतिगृहात वाढलेल्या पिढ्यांनी करावे, यात नवल नाही. परंतु महाराजांची वसतिगृहे आणि त्यांचा आरक्षणाचा हुकूम यांविषयी जेवढे बोलले जाते, तेवढे त्यांच्या कुस्तीच्या मैदानाविषयी बोलले जात नाही. बोलले गेलेच, तर राजाचा एक शौक म्हणून. आमच्या मते वसतिगृह आणि मैदान ही एकाच विचाराची दोन अंगे आहेत. एखाद्या समाजाला केवळ मदत घेणारा म्हणून उभे केले, तर त्याची गरज भागते. त्याचा मान वाढत नाही. मान वाढतो तो यजमान झाल्याने. आपल्या जागेत, आपल्या हाताने, दुसऱ्याचे स्वागत करण्याची ऐपत त्याला यावी लागते. महाराजांचे चरित्र या लेखात आम्ही या एका बाजूने मांडत आहोत.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे आणि आई राधाबाई. मातेचे छत्र त्यांच्या बालपणीच हरपले. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या राणी आनंदीबाई यांनी त्यांना दत्तक घेतले आणि यशवंतरावांचे शाहू छत्रपती झाले. दोनच वर्षांनी वडीलही गेले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि त्यानंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. भाषा, इतिहास आणि राज्यकारभार यांचे पाठ जसे त्यांनी घेतले, तसेच शरीरही कमावले. धिप्पाड देहाचा हा तरुण स्वतः तालमीत उतरणारा होता. मल्लाच्या अंगाला लागलेली माती त्याने दुरून पाहिलेली नव्हती. ती त्याच्या अंगाला लागलेली होती. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

त्या काळच्या कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी होत्या. तालीम ही केवळ व्यायामाची जागा नव्हती. पेठेतील पोरे तेथे एकत्र येत, वस्तादाच्या धाकात वाढत आणि पेठेचे नाव आपल्या खांद्यावर घेऊन इतरत्र कुस्तीला जात. खेड्यात हेच काम गावच्या यात्रेतील फड करी. प्रथम लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग चढत्या इनामाच्या, आणि दिवस कलताना शेवटची मोठी जोड, असा तो क्रम आजही आपल्या परिचयाचा आहे. पाहणाऱ्याला तो केवळ आनंदाचा सोहळा वाटतो. तो उभा करणाऱ्यांना मात्र त्यामागचा खर्च ठाऊक असतो. हौदातील माती चाळून तीत तेल, ताक, हळद आणि लिंबू मिसळावे लागते. हलगीवाल्यांची बिदागी द्यावी लागते. बाहेरगावच्या मल्लांच्या आणि वस्तादांच्या राहण्याजेवण्याची सोय करावी लागते. इनामाची रक्कम आधी गाठीशी असावी लागते. हे सारे ज्याला परवडते तो फड भरवतो, जोडी लावतो आणि मानाच्या जागी बसतो. ज्याला परवडत नाही त्याच्या पोरांनी दुसऱ्याच्या मैदानात जाऊन लढावे, जिंकले तर इनाम घेऊन परतावे, पण आपल्या गावात पाहुणे बोलावण्याचा दिवस त्यांच्या वाट्याला येऊ नये, असे घडते. खेळातली विषमता अंगच्या बळात नसते. मैदान कोणाचे, या प्रश्नात ती असते.

मदत कशी करावी, याविषयीचा पहिला धडा महाराजांना मैदानात मिळाला नाही. तो वसतिगृहात मिळाला. १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू करण्यात आले. हेतू चांगला होता आणि दारही सर्वांना उघडे होते. परंतु काही वर्षांतच त्या वसतिगृहात जवळजवळ केवळ ब्राह्मण विद्यार्थीच उरले. जे आधीच पुढे होते त्यांनी ती सोय सहज व्यापली आणि ज्यांच्यासाठी ती मुख्यतः हवी होती ते बाहेरच राहिले. दार उघडे ठेवणे आणि आत येता येणे यांत अंतर असते, हे महाराजांनी त्यावरून ओळखले. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हाउसची स्थापना झाली. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी, १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी आणि १९०७ साली लिंगायत विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आणि शिंपी समाजासाठी नामदेव वसतिगृह उभे राहिले. पुढे सारस्वत, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार, नाभिक अशा अनेक समाजांच्या वसतिगृहांची त्यांत भर पडली.

या वसतिगृहांना महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, देणग्या आणि उत्पन्ने दिली. परंतु त्यांतील खरी गोष्ट वेगळीच होती. व्यवस्था पाहण्यास त्या त्या समाजातील माणसे पुढे आली. विद्यार्थी निवडणे, धान्य भरणे, हिशेब ठेवणे, वर्गणी गोळा करणे ही कामे त्यांनी अंगावर घेतली. ज्या समाजांनी तोवर कोणतीही सार्वजनिक संस्था चालवली नव्हती त्यांना अशा रीतीने संस्था चालवण्याची सवय लागली. या पद्धतीमुळे जातिभेद वाढेल, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो सर्वस्वी निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही, कारण जातीच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेला जातीच्या पलीकडे जाणे नेहमीच कठीण असते. परंतु महाराजांनी ही पायरी शेवटची मानली नव्हती. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. ज्याला अद्याप उभे राहायचे आहे त्याला आधी पायाखाली स्वतःची जमीन हवी, आणि मग सर्वांच्या अंगणात जाण्याचा हक्क हवा, असा हा क्रम होता.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी महाराज इंग्लंडला गेले. याच प्रवासात, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानातील नोकऱ्यांमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा त्यांचा प्रसिद्ध हुकूम निघाला. त्याच दौऱ्यात त्यांनी युरोपातील इतर शहरेही पाहिली. रोममधील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागृहाचे अवशेष पाहून कोल्हापुरात तसे मैदान बांधण्याची कल्पना त्यांच्या मनात आली, असे परंपरेने सांगितले जाते. एकाच प्रवासातून हुकूम आणि मैदान या दोन गोष्टी कोल्हापूरला मिळाल्या, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

ते मैदान म्हणजे खासबाग. १९१२ साली ते पूर्ण झाले. मध्यभागी लाल मातीचा हौद आणि त्याभोवती वर चढत जाणारी गोलाकार बैठक, अशी त्याची रचना आहे. हजारो माणसे बसली, तरी कोणाच्याही दृष्टीआड खांब किंवा भिंत येत नाही; सर्वांत मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही हौदातील डाव दिसतो. गावच्या फडात पुढची जागा मानकऱ्यांची आणि मागचे सारे टाचा उंचावून पाहणारे, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या रचनेचे मोल सांगावे लागणार नाही. आरंभीच्या मोठ्या कुस्तीसाठी इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन हे नामांकित मल्ल या हौदात उतरले. इमामबक्ष हे विख्यात गामा पहिलवानांचे बंधू. उत्तरेकडील मल्ल कोल्हापुरात आले, येथील तालमींत राहिले, येथील पोरांनी त्यांचे डाव पाहिले आणि उचलले. कोल्हापूर हे भारतभरच्या मल्लविद्येचे यजमान झाले ते असे. शंभराहून अधिक वर्षे उलटली, तरी मोठ्या कुस्तीसाठी लोकांचे पाय आजही खासबागेकडे वळतात.

मैदान बांधणे हा एका वेळचा खर्च. मल्ल घडवणे हा रोजचा. दूध, तूप, बदाम यांचा खुराक गरिबाच्या घरी निघत नाही. महाराजांनी मल्लांच्या खुराकाची तजवीज केली, वस्तादांना आश्रय दिला, तालमींना मदत केली. त्यामुळे कुस्ती ही सुखवस्तू घरांपुरती राहिली नाही. शेतकऱ्याचा, धनगराचा, मुसलमान कारागिराचा मुलगा अंगच्या बळावर हौदात उभा राहू शकला. हौदात उतरल्यावर लंगोट सर्वांचा सारखा आणि पाठ लागली की निकालही सारखा.

यजमानपणाचा हा विचार महाराजांनी मैदानाबाहेर किती दूर नेला, हे दोन घटनांवरून दिसते. गंगाराम कांबळे यांनी, अस्पृश्य मानलेल्या समाजातील एका माणसाने, कोल्हापुरात चहाचे दुकान काढले. अशा दुकानात कोण चहा पिणार, असा तो काळ. छत्रपती स्वतः त्या दुकानापाशी थांबले, त्यांनी तेथला चहा घेतला आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावला. महाराजांनी गंगाराम यांना नुसते पैसे देऊन सोडले असते, तर ते दान ठरले असते. त्यांच्या हातचा चहा घेऊन महाराजांनी त्यांना यजमान केले. दुसरी घटना माणगावची. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी कागल परिसरातील या लहानशा गावी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी तरुण भीमराव आंबेडकर होते. ज्यांना गावच्या पाणवठ्यावरही जागा नव्हती त्यांनी भरवलेल्या सभेला राज्याचा छत्रपती पाहुणा म्हणून गेला. त्या दिवशी मांडव त्यांचा होता आणि स्वागत करणारे हातही त्यांचेच होते. माणगावचे महत्त्व आपण नेहमी तेथे उदयास आलेल्या नेतृत्वाच्या दृष्टीने सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु परिषद भरवणाऱ्या त्या लहान वस्तीने राजाचे आदरातिथ्य केले, हीदेखील इतिहासातील मोठी गोष्ट आहे.

महाराजांच्या कार्याला मर्यादा होत्या, आणि चरित्र लिहिताना त्या झाकून ठेवणे म्हणजे त्यांचा गौरव नव्हे. मदत द्यायची की नाही, कोणाला आणि किती, हे अखेर एका माणसाच्या इच्छेवर अवलंबून होते. तो माणूस उदार होता म्हणून तालमी फुलल्या. पुढचा तसा नसता, तर त्यांना विचारण्याची सोय नव्हती. मागणाऱ्याला हक्क नव्हता, केवळ आशा होती. त्या काळच्या आखाड्याची दारे मुलींना बंदच होती. राजदरबारच्या खेळांवर होणाऱ्या खर्चात हत्तींची साठमारी आणि शिकारही होती. तिचा लाभ कोणत्याही पेठेला झाला असे म्हणता येणार नाही. परंतु १९१७ साली ज्यांनी सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला आणि १९१८ साली अनेक जमातींच्या मागे लागलेली हजेरीची अपमानास्पद पद्धत बंद केली, त्या महाराजांना शौक आणि कर्तव्य यांतील भेद कळत होता. खासबाग हे कर्तव्याच्या बाजूला पडते, असे आम्ही मानतो.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वयाची ४८ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांनी आरंभलेले राधानगरीचे धरणही त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. परंतु जी कामे त्यांनी लोकांच्या हाती सोपवली होती ती थांबली नाहीत. वसतिगृहे चालत राहिली आणि तालमीही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले आणि येथील कुस्तीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांना कोल्हापूर दरबारचे साहाय्य झाले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा मात्र संस्थान उरलेले नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्यातून आलेला पैसा ते ऋण फेडण्यासाठी दिला. गावाच्या मदतीने गेलेला मल्ल परत येऊन स्वतःच मैदान भरवतो, यजमान होतो, हे चित्र शाहू महाराजांना निश्चितच आवडले असते.

आता आपल्या परिसराकडे वळू. खासबागेत पहिल्या कुस्त्या झाल्या त्या सुमारास खोपोलीत बोरघाटाच्या पायथ्याशी टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाचे काम चालू होते. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी मोठमोठ्या नळांतून येथे उतरवण्यात आले आणि १९१५ साली येथून निघालेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. हे नळ आपण रोज पाहतो. त्यांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. पाणी उताराने वाहते खरे, पण ते हव्या त्या जागी यावे म्हणून नळ घालावे लागतात. निधीचेही तसेच आहे. वर साठलेला निधी तळाच्या वाडीपर्यंत आपोआप येत नाही. कोणीतरी वाट बांधावी लागते.

खालापूर आणि कर्जत तालुक्यांत कबड्डीचे वेड आहे. रात्रीच्या दिव्यांच्या झोतात चाललेला सामना पाहण्यासाठी माणसे दोन-दोन डोंगर ओलांडून येतात. कातकरी आणि ठाकर वाड्यांतील मुलांच्या पायांत जो वेग आहे तो कोणत्याही शिबिरात शिकवून येत नाही. पण स्पर्धा भरतात त्या बहुधा मोठ्या गावांत, जेथे सपाट मैदान आहे, वर्गणी देणारे दुकानदार आहेत आणि मंडप घालण्याची ऐपत आहे. वाडीचा संघ पाहुणा म्हणून जातो, कधी चषकही जिंकतो. परंतु त्या वाडीत सामने भरले, बाहेरचे संघ तेथे आले, वाडीतील बायांनी रांधलेली भाकरी खेळाडूंनी खाल्ली आणि वाडीतील मुलाने मैदानाची रेघ आखली, असे किती वेळा घडते?

शासनाच्या क्रीडा विभागाकडे क्रीडांगण विकासासाठी आणि व्यायामशाळांसाठी अनुदानाच्या योजना आहेत. महाराजांच्या काळात जी कृपा होती ती आज योजना झाली आहे आणि नागरिक ती हक्काने मागू शकतो, हा फरक लहान नाही. परंतु अनुदान मागायचे तर संस्थेची नोंदणी, जागेचे कागद आणि तपासलेले हिशेब लागतात. सार्वजनिक पैशासाठी ते लागावेत हे योग्यच. अडचण एवढीच की, ज्यांना हे कागद सहज जमतात ते बहुधा आधीच पुढे गेलेले असतात. १८९६ च्या वसतिगृहाची गोष्ट येथे पुन्हा आठवते. दार उघडे आहे. आत येण्याची वाट मात्र अजून बांधायची आहे.

ती वाट बांधण्याचे काम आमच्यासारख्या संस्थांचे आहे, असे आम्हांला वाटते. निवासी विद्यालयाकडे मैदान असते, नोंदणी असते, हिशेबाची शिस्त असते, अर्ज लिहिणारे शिक्षक असतात. शेजारच्या वाडीला अर्ज लिहून देणे, तिच्या तरुणांना हिशेबाची वही ठेवायला शिकवणे, मैदान नसेल तेथे आपले मैदान वर्षातून एक दिवस वाडीच्या नावाने आणि वाडीच्या व्यवस्थेखाली देणे, हे आपल्या आवाक्यातील आहे. त्या दिवशी पाहुणे आपण असावे आणि यजमान त्यांनी. बक्षीस कोणी द्यायचे, पंच कोण, जेवणात काय, हे त्यांनी ठरवावे. मुलींचे सामने त्यांत असावेत, म्हणजे महाराजांच्या काळात राहून गेलेली उणीवही थोडी भरून निघेल. सामने नीट पार पडले, तर वाडीला आत्मविश्वास येईल. काही चुकले, तर अनुभव येईल. दोन्ही तिच्याच मालकीचे असतील.

महाराष्ट्रात २६ जून हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महाराजांच्या प्रतिमेला आपण पुष्पहार घालतो आणि विद्यार्थी भाषणे करतात. ते चालू राहावे. परंतु ज्या राजाने आपल्या प्रजेतील सर्वांत उपेक्षित माणसाच्या हातचा चहा घेतला आणि माणगावच्या मांडवात पाहुणा म्हणून बसला, त्याला खरे अभिवादन हारांनी पुरे होणार नाही. आपल्या डोंगरकुशीतील एखाद्या लहान वाडीने उद्या आपल्याला सामन्यांचे निमंत्रण धाडावे, आपण जावे, तिच्या अंगणात मातीवर बसावे आणि टाळ्या वाजवाव्यात, इतकी साधी ती गोष्ट आहे. या वर्धापनाच्या निमित्ताने राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतीला आम्ही विनम्र अभिवादन करतो आणि त्या निमंत्रणाची वाट तयार करण्याचे काम आमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या हाती सोपवतो.